वर्गमित्रांचा अभिप्राय 'छान होतं'च्या पुढे कसा न्यावा?

कट्ट्यावरचा_मास्तर: कोल्हापुरात अकरावीला शिकवतो. वर्गात 60 मुलं, तासिका 45 मिनिटांची. झोपेच्या सवयी, नाश्ता, मोबाईल असे रोजचे विषय दिलेत, प्रत्येकाला 5 मिनिटं. ऐकणाऱ्यांच्या चिठ्ठ्या उघडल्या की 'लय भारी', 'आवाज वाढव' आणि 10 पैकी 8 किंवा 9. बोलणाऱ्यानं यातून काय घ्यायचं?

खडू_डस्टर: सर, आधी गुण बंद करा. गुण सादरीकरणाला नाही, दोस्तीला पडतात. दुसरं, सगळ्यांनी सगळं बघायचं म्हटलं की कुणीच काही बघत नाही. रांगा वाटून द्या: एकीनं फक्त माहिती आणि आकडे, दुसरीनं फक्त स्लाईड (शेवटच्या बाकावरून वाचता येते का, नुसती वाचूनच दाखवतोय का), तिसरीनं सुरुवात, शेवट आणि वेळ.

ए-फोर कागदाचे चार तुकडे करा. एका तुकड्यावर दोनच ओळी: 'मला काय दिसलं किंवा ऐकू आलं' आणि 'त्या जागी काय करता येईल'. 'आवाज वाढव' इथं बसत नाही. 'तिसऱ्या स्लाईडला फळ्याकडं तोंड केलंस, शेवटचं वाक्य मागं पोचलं नाही' हे बसतं.

वेळेचं गणित: 5 मिनिटं बोलणं, 2 लिहिणं, 1 दोन चिठ्ठ्या वाचून दाखवणं. तासिकेत पाचच होतात, म्हणजे एकेकट्यानं 12 तासिका जातील. तिघांचे गट केले तर चारांत उरकतं.

जीवशास्त्र_आणि_चहा: झोपेच्या विषयात खरी गंमत माहितीवाल्या रांगेला आहे. 'सगळ्यांना 8 तास पुरतात' अशी स्लाईड हमखास येते. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तासांची शिफारस आहे, मोठ्यांना किमान 7. वय कुठलं, हे रांगेनं विचारायलाच हवं.

सर्वेक्षणाची सरासरी आली की आणखी खोदा. सोमवार ते शनिवार 6 तास आणि रविवारी 10 झोपणाऱ्याची सरासरी साडेसहाच्या वर जाते, पण तेवढं तो एकाही रात्री झोपलेला नसतो. अंथरुणाला पाठ टेकल्याची वेळ धरली की झोप लागल्याची? मधला अर्धा तास मोबाईलचा असतो.

'झोपण्याआधी तासभर चहा नको' हेही तपासायला लावा. कॅफिन निम्मं व्हायला साधारण 5 तास लागतात. संध्याकाळी 6 च्या कपातलं निम्मं 11 वाजता अंगात असतं. आणि 'लवकर निजे' म्हणून टाळ्या घेणाऱ्याला एवढंच विचारा: या वयात शरीराचं घड्याळच उशिराकडं सरकतं, ते कुठल्या स्लाईडवर आहे?

शेवटचा_बाक: दोन गोष्टींवर सक्त बंदी घाला: बोलीवर शेरा आणि घरावर प्रश्न. 'लय' म्हटलं म्हणून कुणी हसलं की पुढचा पोरगा पाठ करूनच येतो. पहाटे तालमीला जाणाऱ्याला किंवा धारा काढणाऱ्याला 'तू कितीला झोपतोस?' असं वर्गात विचारू नये. प्रश्न स्लाईडला विचारायचा.

कट्ट्यावरचा_मास्तर: चिठ्ठीवर नाव घ्यावं का?

खडू_डस्टर: मागच्या बाजूला, तुमच्यासाठी. निनावी ठेवलं की टवाळी सुरू होते, पुढं लिहिलं की पुन्हा 'लय भारी'. बोलणाऱ्याच्या हातात चिठ्ठीचा फोटो द्या, पुढच्या बाजूचाच.