आजीवर बोलू की बाईंवर?

रेघोटी
आजी जाऊन पंधरा दिवस झाले. येत्या रविवारी तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी आठवणींचा कार्यक्रम ठेवलाय, घरच्यांतर्फे मी बोलायचंय. पाच मिनिटं. तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा 'प्रेमळ, शिस्तप्रिय, कष्टाळू' इथेच गाडी अडली. ही विशेषणं कुणाच्याही आजीला चिकटवता येतील. त्यातून प्रेमळ तर ती धड नव्हतीच.

३८ वर्षं तिने मराठी शिकवलं. मी आठ वर्षांची असताना तिला पत्र पाठवलं होतं. आठवड्याभरात उत्तर आलं. पाकिटात माझंच पत्र, लाल पेनने तपासलेलं! 'आर्शिवाद'मधला रफार खोडून 'वा'वर नेलेला, 'शि'ची पहिली वेलांटी दुसरी केलेली. समासात शेरा: 'मजकूर छान. हा शब्द पाच वेळा लिही, मग देते.' मी रडले, आई तिच्यावर चिडली. शब्द मात्र लिहिला पाच वेळा.

आता तिचे विद्यार्थी भेटायला येतात आणि सांगतात, बाई कधी आवाज चढवायच्या नाहीत, तीच गोष्ट दहादा समजावायच्या. या बाई आमच्या घरी कधी आल्याच नाहीत. खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवा वाटतो. हे असं बोललेलं चालतं का अशा कार्यक्रमात?

अर्धविराम
पाच मिनिटं म्हणजे सावकाश वाचलं तर पाच-सहाशे शब्द. त्यात दोन प्रसंग मावतात, तिसरा घुसवू नकोस. पत्राचा प्रसंग तयारच आहे. जन्म, शिक्षण, निवृत्ती हे सूत्रसंचालकाला वाचू दे. कागदावर अक्षर मोठं ठेव आणि एक प्रत पुढच्या रांगेतल्या कुणाकडे तरी दे. माझा आवाज दुसऱ्याच वाक्याला गेला होता, उरलेलं भावाने वाचलं.

निळाई
भावपूर्ण श्रध्दांजली.

हजेरीपट
मी स्वतः २९ वर्षं शिकवलं, म्हणून हेव्याबद्दल लिहिते. वर्गात साठ पोरं असतात. धीर तिथेच खर्ची पडतो. घरी पोचेपर्यंत घसाही बसलेला आणि धीरही संपलेला. माझी लेक म्हणते, "तुझा गोड आवाज शाळेच्या कपाटात ठेवून येतेस." खोटं नाही ते. तेव्हा तू बोल हेव्याबद्दल. समोर शिक्षकांची दोन-चार मुलं असतीलच, ती माना डोलावतील.

आणखी एक. तिच्या टाचणवह्या, म्हणजे वर्गात काय शिकवायचं ते आधी लिहून ठेवायच्या वह्या, घरात आहेत का? आम्ही बायका कपडे देऊन टाकतो, पण टाचणवह्या टाकवत नाहीत. सापडल्या तर आधी पानापानाचे फोटो काढून ठेव. सुटी पानं चिकटपट्टीने जोडू नकोस, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि कागदावर कायमचा डाग ठेवते. लॅमिनेशन तर नकोच.

रेघोटी
निळाई, आभार. राग मानू नका, पण आजीने आधी तो 'ध्द' सुधारायला लावला असता. द वर, ध खाली.

हजेरीपट, वह्या सापडल्या! पलंगाखालच्या ट्रंकेत, आणि सोबत तिच्या डायऱ्याही. काल रात्रभर वाचत बसले. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि स्पष्ट उच्चार न होणारे अनुस्वार लिखाणातून गेले. तिच्या नोकरीला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. त्यानंतरच्या टाचणवह्यांत सगळीकडे 'नाव', 'पाच', 'काही'. एक टिंब जास्तीचं नाही. डायरीत मात्र शेवटच्या पानापर्यंत 'नांव', 'पांच', 'कांहीं'. जन्मभर पोरांच्या वहीतली टिंबं खोडली आणि स्वतःच्या वहीत देत राहिली, लबाड!

मी जन्मले त्या दिवशीची नोंद दीड ओळीची आहे: 'मुलगी झाली. नांव अजून ठरलें नाहीं. नाक माझें आहे, बिचारीचें.'

हजेरीपट
हेच वाच. बाकी काही नको.

रेघोटी
वाचणारच आहे. पण ती टिंबं बोलताना ऐकूच येत नाहीत ना, म्हणून तर गेली. डायरीच घेऊन जाते. ज्यांना बघायची असेल त्यांनी नंतर टेबलाशी यावं. हात स्वच्छ पुसून.