मदत हवी आहे: स्पिन ग्लास पुन्हा ‘तरुण’ होऊनही आधीची स्मृती टिकवतो, ती कशी?

स्पिन ग्लास म्हणजे ज्यातील अणूंचे चुंबकीय आघूर्ण (स्पिन) ठरावीक तापमानाखाली अव्यवस्थित दिशांत गोठतात असा पदार्थ; त्याचे वय वाढते, म्हणजे गोठल्यावरही तो काळानुसार हळूहळू बदलत राहतो, इथवर मला समजले आहे. 1983 साली लुंडग्रेन आणि सहकाऱ्यांनी तांबे-मँगनीज मिश्रधातू गोठणतापमानाखाली थंड करून चुंबकीय क्षेत्र लावण्यापूर्वी निरनिराळा काळ थांबून पाहिले, तेव्हा प्रतीक्षाकाळ जितका जास्त, तितका नमुन्याचा प्रतिसाद संथ होत गेला. समतोलातील पदार्थाच्या बाबतीत असे होत नाही, कारण त्याला आपण किती वेळ थांबलो याच्याशी देणेघेणे नसते.

अडचण पुढे येते. 1998 मध्ये योनासन, व्हिन्सेंट, हामान, बूशो आणि नोर्डब्लाड यांनी 16.7 केल्विनला गोठणारा एक क्रोमियमयुक्त स्पिन ग्लास थंड करताना 12 केल्विनवर काही तास थांबवला. तेथे ससेप्टिबिलिटीचा (बदलत्या चुंबकीय क्षेत्राला मिळणाऱ्या प्रतिसादाचा) काल्पनिक, म्हणजे क्षेत्रामागे रेंगाळणारा, भाग हळूहळू घटला, पण शीतकरण पुन्हा सुरू करताच तो न थांबवलेल्या नमुन्याच्या आलेखाला जाऊन मिळाला, म्हणजे नमुना पुन्हा ‘तरुण’ झाला. नंतर न थांबता तापवताना मात्र बरोबर 12 केल्विनच्या आसपास आलेखात खळगा उमटला, म्हणजे त्या थांब्याची स्मृती टिकली होती. प्रयोगाची ही रचना मला विलक्षण सुंदर वाटते, आणि म्हणूनच तिचे अर्धवट आकलन सलते.

स्पिनची एकसारखी मांडणी असलेले प्रदेश (डोमेन) काळानुसार वाढत जातात, या चित्रात पाहिले तर, खालच्या तापमानाला स्पिनची मांडणी वरच्यासारखीच असेल तर नमुना तरुण होण्याचे कारण उरत नाही. ती वेगळी असेल, म्हणजे तापमान थोडे बदलताच मांडणी पूर्ण बदलणारे ‘तापमान-अराजक’ असेल, तर नव्या वाढीने जुनी रचना पुसली जायला हवी. खालच्या तापमानात फक्त लहान लांबीवरचे स्पिन हलतात आणि मोठ्या लांबीवरची रचना गोठून राहते, हे उत्तर मला पटते. मग अराजकाची गरज खरोखर उरते का? लांबींची ही उतरंड (प्रत्येक तापमानाला वेगळ्या लांबीची हालचाल) एकटीच पुरेशी असेल, तर या दोन स्पष्टीकरणांत निवाडा करणारे मोजमाप कोणते?

कोवाक्स या संशोधकाने 1963 मध्ये पॉलिव्हिनाइल ॲसिटेट या बहुलकात (पॉलिमरमध्ये) दाखवलेली स्मृती मी मुद्दाम वेगळी ठेवतो आहे. तेथे तापमान, दाब आणि आकारमान समतोलाच्या मूल्यांवर असूनही आकारमान आधी वाढते आणि मग घटते, पण त्यासाठी शिथिलन-काळांचे (समतोलाकडे परतायला लागणाऱ्या निरनिराळ्या काळांचे) विस्तृत वितरण पुरते. नमुना पुन्हा तरुण होण्याची आवश्यकता नसते. हा भेद करणे योग्य आहे का, की दोन्हींच्या मुळाशी एकच यंत्रणा आहे? उत्तर गणिती असले तरी चालेल; उतरंडीचे एखादे सोपे प्रतिमान पायरीपायरीने सोडवून दाखवल्यास सर्वाधिक उपयोग होईल.