सोलापूरहून विजयदुर्ग: किल्ला, बंदर आणि खाडी पाहण्याविषयी मार्गदर्शन हवे आहे

माळरान (सोलापूर):

नमस्कार. आम्ही जुळे सोलापूर भागात राहतो. येत्या नाताळच्या सुट्टीत कोकणातील एखादे जुने बंदर सवडीने पाहावे, असा विचार आहे. बरोबर आईवडील, पत्नी आणि दोन शाळकरी मुले असतील. वडिलांनी सत्तरी ओलांडली असून त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. त्यामुळे होडीत चढउतार करावी लागणारे मुरूड-जंजिरा आणि सिंधुदुर्ग हे किल्ले या वेळी बाजूला ठेवून विजयदुर्गाचा विचार केला आहे, कारण तिथे जमिनीवरूनच किल्ल्यात जाता येते असे समजले.

मात्र परिचितांपैकी काहींनी सांगितले की किल्ला दोन तासांत पाहून होतो आणि त्यानंतर त्या गावात पाहण्यासारखे काही उरत नाही. एवढ्या लांबून जायचे आणि लगेच परतायचे, हे मनाला पटत नाही. तिथे दोन मुक्काम करणे योग्य ठरेल का, किल्ल्याखेरीज परिसरात काय पाहावे, आणि कोल्हापूरवरून कोणत्या घाटाने उतरावे, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे. आम्ही सर्वजण शाकाहारी आहोत. हेलियम वायूचा शोध विजयदुर्गावर लागला असे धाकट्या मुलाने कुठेतरी वाचले आहे आणि ती जागा पाहण्याचा त्याचा फार आग्रह आहे. त्याबद्दलही खरी माहिती मिळाली तर बरे होईल.

खाडीकाठ:

माझे मूळ गाव देवगड तालुक्यातले असून नोकरीमुळे मी सोलापुरात स्थायिक झालो आहे. आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण आपण ‘किल्ला’ न म्हणता ‘बंदर’ म्हटले आहे. विजयदुर्ग केवळ किल्ला म्हणून पाहिला तर तो खरोखरच दोन तासांत संपतो. वाघोटन खाडी, तिच्या मुखावरचा किल्ला, आत कातळात कोरलेली गोदी, धक्का, गावातले जुने वाडे आणि खाडीच्या वरच्या अंगाला असलेले खारेपाटण हे सगळे मिळून एक बंदर होते, आणि ते तसेच एकत्र पाहायला हवे. त्यासाठी दोन मुक्काम जास्त नाहीत.

प्रथम किल्ल्याविषयी. प्रवेशापाशी मारुतीचे देऊळ आहे आणि तिथपर्यंतची वाट बहुतांशी सपाट आहे, त्यामुळे आपल्या वडिलांना जिबीच्या दरवाजातून आत, निदान सदरेच्या परिसरापर्यंत, सावकाश जाता येईल. तिहेरी तटबंदी आणि सुमारे १७ एकरांचा विस्तार यांमुळे संपूर्ण फेरी मात्र त्यांना झेपणार नाही, आणि तिची गरजही नाही. मुलांना घेऊन आपण दारूकोठार, खलबतखाना आणि समुद्राकडचे बुरूज पाहून यावे. तटाचा काही भाग ढासळलेला असून कडेचे दगड सुटलेले आहेत, तेव्हा मुलांना तटाच्या काठाने धावू देऊ नये. सोलापूरचा भुईकोट पाहिलेल्या माणसाला तिथला दगड वेगळा जाणवेल. आपल्याकडे काळा पाषाण, तर तिथे बहुतेक सगळा तांबूस, छिद्रांचा जांभा आणि त्याच्यावर खाऱ्या वाऱ्याने उमटलेल्या खुणा.

आता ज्यासाठी मी एवढे लिहायला बसलो, त्या गोदीविषयी. किल्ल्यापासून खाडीच्या आतल्या अंगाला, काही किलोमीटरवर, गिर्ये-रामेश्वर परिसरात आंगऱ्यांच्या काळातील जहाजांची गोदी आहे. काठावरचा कातळ तासून तिचा मोठा हौद तयार केलेला आहे. भरतीच्या पाण्याबरोबर गलबत किंवा गुराब आत घ्यायची, तोंड बंद करायचे आणि ओहोटीला पाणी उतरले की जहाज कोरडे उभे राहायचे. मग तळाला चिकटलेले शंखशिंपले खरवडणे, लाकूड पोखरणाऱ्या किड्याने खाल्लेल्या फळ्या बदलणे, सांधे बुजवणे आणि तेल देणे ही कामे करता येत. गरम समुद्रात लाकडी जहाजाचे आयुष्य अशा निगराणीवरच अवलंबून असते. त्यामुळे बुरुजावर किती तोफा होत्या यापेक्षा, जवळच्या जवळ जहाजे दुरुस्त करण्याची सोय होती ही गोष्ट विजयदुर्गाच्या सामर्थ्याबद्दल अधिक सांगते, असे माझे ठाम मत आहे. एवढी महत्त्वाची जागा असूनही किल्ला पाहायला येणाऱ्यांपैकी फार थोडे लोक तिथे जातात, याचे मला नेहमी वाईट वाटते. गोदी ओहोटीला पाहावी आणि वाट स्थानिकांना विचारूनच धरावी.

त्याच बाजूला श्री रामेश्वराचे मंदिर आहे. कातळ खोदून केलेल्या उतरत्या वाटेने तिथे जावे लागते आणि अगदी जवळ पोहोचेपर्यंत मंदिर दिसतच नाही. संभाजी आंगरे यांची समाधी तिथेच आहे. वडिलांना तो उतार कठीण गेला तर त्यांना वरच्या बाजूला सावलीत बसवावे.

जेवणाची काळजी नसावी. घरगुती खाणावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवले की आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ, भात, डाळ आणि सोलकढी असे उत्तम शाकाहारी जेवण मिळते. न सांगता गेल्यास मात्र मासेच पुढे येतात, कारण तिथली रोजची चूल मासळीवरच चालते.

भुईकोट:

वर खाडीकाठ यांनी फार मोलाची माहिती दिली आहे. त्यात इतिहासाचा एक धागा जोडतो, कारण तो थेट आपल्या शहरापर्यंत येतो.

विजयदुर्गाचे जुने नाव घेरिया. शिलाहार राजा दुसरा भोज याच्याकडे त्याचे बांधकाम दिले जाते. पुढे तो आदिलशाहीत गेला, म्हणजे ज्या विजापूर दरबाराचा सोलापूर आणि नळदुर्गावर अंमल होता त्याच दरबाराच्या ताब्यात हा किनारा होता. सतराव्या शतकाच्या मध्यानंतर शिवाजी महाराजांनी तो घेऊन वाढवला आणि पुढे आंगऱ्यांच्या आरमाराचे ते मुख्य ठाणे झाले. १७५६ च्या फेब्रुवारीत पेशव्यांशी संगनमत करून इंग्रजांनी समुद्राकडून हल्ला केला. त्यांच्या आरमाराचे नेतृत्व वॉटसनकडे आणि जमिनीवरील फौजेचे क्लाइव्हकडे होते. तोफांच्या माऱ्यात आंगऱ्यांची जहाजे पेटली आणि बंदरातच जळून गेली. मराठ्यांच्या सर्वांत बलाढ्य आरमारी तुकडीचा नाश होण्यास मराठ्यांच्याच मध्यवर्ती सत्तेने हातभार लावला, ही गोष्ट त्या धक्क्यावर उभे राहून मनात आणली की फार जड वाटते. त्याच वर्षी झालेल्या तहाने इंग्रजांनी बाणकोट घेऊन विजयदुर्ग पेशव्यांना दिला.

त्या वेळी विजयदुर्गाचे प्रमुख असलेले तुळाजी आंगरे पेशव्यांच्या कैदेत गेले ते पुन्हा सुटले नाहीत. जुन्या गॅझेटियरमधील नोंदीनुसार त्यांना आधी साताऱ्याजवळच्या वंदन किल्ल्यावर आणि नंतर सोलापुरात ठेवण्यात आले, आणि इथेच त्यांचा अंत झाला. ज्या माणसाच्या नावाने पश्चिम किनाऱ्यावर जहाजे थरथरत, त्याचे अखेरचे दिवस समुद्रापासून इतक्या दूर, आपल्या या कोरड्या मुलखात गेले. भुईकोटाच्या बागेत रोज फिरायला जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक असेल? आपण मुलांना विजयदुर्गाला नेण्यापूर्वी एकदा भुईकोटात न्यावे आणि ही हकीकत तिथेच सांगावी, अशी मनापासून सूचना करतो.

आरमार तिथे संपले नाही, हेही मुलांना आवर्जून सांगावे. पेशव्यांच्या काळात आनंदराव धुळपांनी विजयदुर्गावरूनच आरमार चालवले आणि १७८३ मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ हे जहाज लढून पकडले. धुळपांचा वाडा विजयदुर्ग गावात आहे. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला.

समुद्राखालच्या भिंतीची गोष्ट तिथे प्रत्येकजण सांगतो. त्या भिंतीवर आपटून शत्रूची जहाजे फुटत, असे म्हणतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्या जागी पाण्याखाली पाहणी केलेली आहे. तेव्हा ही केवळ दंतकथा म्हणून सोडून देऊ नये, मात्र तिच्यावर चढवलेला सगळा मुलामाही जसाच्या तसा स्वीकारू नये.

सूर्यबिंब:

मी विज्ञानाचा निवृत्त शिक्षक आहे, त्यामुळे मुलाच्या प्रश्नाला उत्तर देणे माझे कर्तव्य समजतो.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांनी ते आंध्रातील गुंटूर येथून पाहिले आणि सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा नोंदवल्या. त्याच ग्रहणाचे निरीक्षण आपल्या जवळच्या विजापूर आणि जमखंडी येथूनही झाले होते. जमखंडीला लेफ्टनंट हर्शेल होते, सुप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ हर्शेल घराण्यातले. इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसतानाही, तिथूनच सूर्याच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा पाहिली आणि पुढे ती एका अज्ञात मूलद्रव्याची आहे असे मांडले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले. पृथ्वीवर हा वायू रॅमसे यांनी १८९५ मध्ये वेगळा केला.

लॉकयर विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून जे चौथरे दाखवतात, त्यांच्याशी ही मोहीम जोडली जाते. म्हणजे हेलियमचा शोध तिथे लागला हे विधान बरोबर नाही, परंतु हेलियमच्या शोधाशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले आहे तो शास्त्रज्ञ त्या किल्ल्यावर दुर्बिणी मांडून सूर्याची वाट पाहत उभा होता, हे मात्र खरे आहे. मुलाला असेच सांगावे. त्याचा उत्साह त्याने कमी होणार नाही, उलट त्याला दोन वेगवेगळी ग्रहणे आणि त्यांमधली तीस वर्षे समजतील. सोबत साधे त्रिकोणी प्रिझम असेल तर कट्ट्यावरच सूर्यप्रकाशाचे रंग पांढऱ्या कागदावर पाडून दाखवता येतील. सूर्याकडे थेट पाहू देऊ नये, एवढे पथ्य पाळावे.

घाटवाट:

मार्गाविषयी लिहितो. सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज आणि कोल्हापूर हा महामार्ग आता चांगला आहे. कोल्हापूरपर्यंतचे अंतर सुमारे २३० किलोमीटर होते. तिथून गगनबावडा सुमारे ५५ किलोमीटर, मग करूळ घाटाने वैभववाडी, पुढे तळेरे आणि तिथून पश्चिमेला विजयदुर्गचा रस्ता. सगळे अंतर एका दिवसात कापता येते, परंतु ज्येष्ठ मंडळी बरोबर असल्याने कोल्हापुरात मुक्काम करून सकाळच्या उजेडात घाट उतरणे शहाणपणाचे. करूळ घाट कामासाठी किंवा दरड पडल्यामुळे बंद असतो तेव्हा भुईबावडा किंवा फोंडा घाटाने जावे लागते. म्हणून निघण्यापूर्वी कोल्हापुरात अवश्य चौकशी करावी. रेल्वेचा विचार करू नये, कारण वैभववाडी किंवा कणकवली स्थानकापर्यंत सोलापूरहून येताना गाड्या बदलण्यातच वेळ जाईल.

तळेरे सोडण्यापूर्वी महामार्गाने थोडे उत्तरेला खारेपाटणला जावे, ही विनंती. हे गाव खाडीच्या वरच्या अंगाला आहे. रट्टराज या शिलाहार राजाचा शके ९३० चा, म्हणजे १००८ चा ताम्रपट तिथे सापडलेला आहे. समुद्रातून आलेला माल लहान होड्यांनी खाडीतून आत यायचा आणि बैलांच्या पाठीवरून घाटमाथ्याकडे चढायचा. आपण गगनबावड्याहून ज्या दिशेने उतरलात ती त्याच व्यापाराची दिशा होती. इथे अर्धा तास थांबलात तर खाली विजयदुर्गाला पोहोचल्यावर ते बंदर त्या जागी का झाले हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

परतीच्या वाटेवर देवगड आणि कुणकेश्वर करावे. कुणकेश्वराचे मंदिर अगदी समुद्रालगत आहे आणि आपल्या आईवडिलांना तिथे नक्की प्रसन्न वाटेल. हापूस मात्र डिसेंबरमध्ये मिळणार नाही, तेव्हा कलमांवर मोहोर दिसला तर तेवढ्यावरच समाधान मानावे लागेल.

माळरान (सोलापूर):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिला मुक्काम कोल्हापुरात, वाटेत खारेपाटण, मग विजयदुर्गात दोन मुक्काम आणि परतताना कुणकेश्वर असे ठरवतो आहे. तुळाजी आंगऱ्यांची हकीकत वडिलांना वाचून दाखवली. येत्या रविवारी मुलांना घेऊन भुईकोटात जायचे, असे त्यांनी स्वतःच ठरवले आहे. एकच शंका उरते. गोदी ओहोटीला पाहावी असे खाडीकाठ यांनी लिहिले आहे, परंतु आम्हा घाटावरच्या लोकांना ओहोटीची वेळ कशी कळावी?

खाडीकाठ:

आमच्याकडची जुनी रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, म्हणजे त्या दिवशी गोदीसाठी दुपारी बाराची वेळ धरावी. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि पाणी सर्वांत जास्त चढते व उतरते. त्या दिवशी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी गोदीवर जावे आणि दुपारच्या भरतीला किल्ल्याच्या पश्चिम तटावर असावे. वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. आपण कॅलनिर्णय पाहून तिथी कळवली तर दोन्ही दिवसांचा क्रम मी इथेच लावून देईन. निघण्याच्या आदल्या दिवशी मात्र धक्क्यावरच्या कोणाही होडीवाल्याला फोनवर विचारून खात्री करावी. त्यासाठी खाणावळवाल्यांनाच एखादा क्रमांक मागून ठेवावा.