पोर्शे ९४४ चा टायमिंग बेल्ट: गाडीच्या वर्षावरून मागवावा की इंजिन पाहून?

जुनी_गाडी (प्रश्न)

माझ्याकडे १९८६ च्या मॉडेलची, अडीच लिटर आणि आठ व्हॉल्व्हची पोर्शे ९४४ आहे. गाडी नुकतीच घेतली असून टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, फिरवणारा दातेरी पट्टा) शेवटचा कधी बदलला याची कोणतीही नोंद कागदपत्रांत नाही, म्हणून ती फारशी न चालवता आधी हेच काम उरकण्याचे ठरवले आहे. अडचण सुट्या भागांच्या याद्यांची आहे. एका विक्रेत्याने ‘१९८६ पर्यंत’ आणि ‘१९८७ पासून’ असे दोन वेगळे संच दाखवले आहेत, दुसऱ्याकडे मात्र तसा काहीच भेद नाही, आणि तिसऱ्याने सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनाचा बेल्टही ‘बसून जाईल’ असे कळवले आहे. पुढचे झाकण काढून पाहिल्यावर आत स्प्रिंगचा टेन्शनर (बेल्टला ताण देणारा भाग) दिसला. तो तर १९८७ च्या मॉडेलपासून आला असे वाचले होते. अशा वेळी कागदावरचे वर्ष प्रमाण मानावे, की इंजिनात जे दिसते ते? आणि जुना बेल्ट काढून त्याचे दाते मोजून तेवढ्याच दात्यांचा नवा मागवला, तर पुरेसे आहे का?

पाने_आणि_पुली

इंजिनात जे दिसते तेच प्रमाण मानावे. कागदपत्रे गाडी कारखान्यातून कशी निघाली एवढेच सांगतात. नंतरच्या इतक्या वर्षांत इंजिनावर कोणी काय काय बसवले, याची दखल ती घेत नाहीत. तुमच्या गाडीतील विसंगतीचा उलगडा बहुधा वॉटर पंपात आहे. १९८६ पर्यंतच्या पंपावर स्प्रिंगचा टेन्शनर बसवण्याची सोय नव्हती, नंतरच्या पंपावर ती आहे, आणि नंतरचा पंप जुन्या ब्लॉकवर बसतो. त्यामुळे पंप बदलताना कोणीतरी टेन्शनरही नव्या पद्धतीचा केला असावा. हा बदल अनेक मालकांनी मुद्दाम करून घेतलेला आहे. याचाच अर्थ, त्या विक्रेत्याच्या दोन संचांमधील फरक प्रामुख्याने टेन्शनर आणि पंपाशी निगडित आहे, आणि तुम्ही ‘१९८६ पर्यंत’चा संच मागवला असता तर त्यातील काही भाग हातात उरले असते.

इंजिन क्रमांक मात्र ब्लॉकवरूनच वाचून घ्या आणि मागणी नोंदवताना तोच द्या, कारण जुन्या गाड्यांमध्ये इंजिनच बदललेले असणे ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. सोळा व्हॉल्व्हचा बेल्ट घेऊ नका. त्या इंजिनाचा सिलिंडर हेड वेगळा आहे, बेल्ट एकच कॅमशाफ्ट फिरवतो आणि दुसरा त्याला साखळीने जोडलेला असतो. ‘बसून जाईल’ हा शब्दप्रयोग टायमिंग बेल्टच्या बाबतीत कोणी केला, तर त्या विक्रेत्याशी पुढे बोलण्याचे कारण नाही; कारण या इंजिनात बेल्टने दाते सोडले की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात.

दाते_मोजणारा

दाते मोजण्याच्या प्रश्नाचे उत्तर राहिले, म्हणून लिहितो. दात्यांची संख्या आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. बेल्टची लांबी म्हणजे दात्यांची संख्या गुणिले दोन दात्यांमधील अंतर. शंभर दात्यांचा बेल्ट ८ मि.मी. अंतराचा असेल तर ८०० मि.मी. भरतो आणि ९.५२५ मि.मी. अंतराचा असेल तर ९५२.५ मि.मी. इतका मोठा फरक हातात घेताच कळतो, त्यामुळे त्याची भीती नाही. खरी फसगत होते ती दात्याच्या आकारात. जुन्या पद्धतीचा दाता समलंब चौकोनी असतो, नंतरचा गोलाईचा. अंतर आणि संख्या जुळूनही आकार जुळला नाही, तर दाता पुलीच्या खाचेत पूर्ण बसत नाही, सगळा भार त्याच्या कडेवर येतो आणि तो मुळाशी झिजू लागतो. हे पहिल्याच दिवशी लक्षात येत नाही, हीच त्यातली गोम आहे. म्हणून संख्या, अंतर, आकार आणि रुंदी ही चारही मापे जुळायला हवीत, आणि ती जुन्या बेल्टशी नव्हे तर पुलीशी पडताळावीत; आधीच्या माणसाने चुकीचा बेल्ट बसवला नव्हता, याची खात्री तुम्हाला कोण देणार?

रबराच्या प्रकारात बदल असला तर चिंता नको. जुने बेल्ट बहुधा निओप्रिनचे असत. आताचे हायड्रोजनेटेड नायट्राइलचे उष्णता अधिक सोसतात. मापे तीच असतील तर नवा प्रकार अवश्य घ्यावा. मात्र अनेक वर्षे कपाटात पडून राहिलेला ‘अस्सल’ बेल्ट स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

जुनी_गाडी

दोघांचेही आभार. पंप पाहिला, तो नंतरच्या पद्धतीचाच आहे. आता दोन शंका उरल्या. स्प्रिंगचा टेन्शनर असल्यामुळे ताण आपोआप राखला जातो, असे समजावे का? आणि बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाचे कंपन कमी करणाऱ्या दांड्यांचा) बेल्ट चांगला दिसत आहे, तर तो तसाच ठेवावा का?

पाने_आणि_पुली

टेन्शनरबद्दल हा गैरसमज फार पसरलेला आहे. ती स्प्रिंग फक्त ताण लावतानाच काम करते. त्यानंतर बोल्ट आवळले की टेन्शनर जागीच घट्ट होतो आणि इंजिन चालू असताना काहीही जुळवून घेत नाही. त्यामुळे नवा बेल्ट सुरुवातीच्या दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये थोडा ताणला गेला, की इंजिन पूर्ण थंड असताना ताण पुन्हा लावावा लागतो.

बॅलन्स शाफ्टचा बेल्ट ठेवू नका. त्याला दोन्ही बाजूंनी दाते असतात, कारण दोनपैकी एक शाफ्ट उलट्या दिशेने फिरवायचा असतो. तो तुटला तर व्हॉल्व्हना थेट धोका नाही, पण त्याचे तुकडे शेजारच्या टायमिंग बेल्टखाली गेले तर दाते सुटतात आणि नुकसान तेच होते. शिवाय टायमिंग बेल्ट काढायचा तर हा आधी काढावाच लागतो, मग जुना परत बसवण्यात काय हशील? त्याच्या आयडलर रोलरमध्ये (बेल्टलगतच्या मोकळ्या फिरणाऱ्या चाकामध्ये) आणि बेल्टमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवायची असते. रोलर बेल्टवर दाबून बसवण्याची चूक अनेकांकडून होते, आणि मग इंजिनातून रडल्यासारखा आवाज येऊ लागतो.

दाते_मोजणारा

एक भर घालतो: बेल्ट उघडला आहेच, तर क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्टची पुढची ऑइल सील (तेल बाहेर झिरपू न देणारी कडी) व सर्व रोलरही बदला. तेल झिरपत असेल तर नव्या बेल्टचे रबर त्याने लवकर फुगते. आणि बेल्ट पाकिटातून काढल्यावर त्याला पीळ देऊ नका किंवा घडी घालू नका. आतील काचतंतू मोडतात आणि वरून काही दिसत नाही.