खासदारकीला दोनच टर्म, कायदा हवा का?

घनसावंगीकर
लोकसभेला एका माणसाने जास्तीत जास्त दोनदा निवडून यावं, तिसऱ्यांदा त्याला फॉर्मच भरता येऊ नये, असा कायदा झाला पाहिजे असं माझं मत. पंतप्रधान-मुख्यमंत्री हा विषय इथे नको, फक्त खासदारांबद्दल बोलू. कारण साधं आहे, तीन-चार टर्म झाल्या की आमदार कोण, झेडपीचं तिकीट कोणाला, मार्केट कमिटीवर कोण, सगळं एकाच वाड्यावर ठरायला लागतं आणि समोर उभं राहणारा नवा माणूस कशाच्या जोरावर लढणार? आमच्या जालन्यात १९९९ ते २०१९ लागोपाठ पाच वेळा रावसाहेब दानवे. २००९ ला कल्याण काळेंनी चांगलाच घाम फोडला होता, पण थोडक्यात हुकलं आणि तेच काळे निवडून यायला २०२४ उजाडलं. गोव्यात उत्तर गोव्याला १९९९ पासून श्रीपाद नाईकच. माणूस चांगला की वाईट हा मुद्दाच नाही माझा, पंचवीस वर्षं एकच चेहरा कशाला?

आकडेमोड
काळे निवडून आले ना शेवटी? मग कायदा कशाला पाहिजे, लोकांनी केलंच की काम. २०२४ ला ५४३ पैकी २८० खासदार लोकसभेत पहिल्यांदा आलेत, म्हणजे निम्म्याहून जास्त. २०१४ ला तर तीनशेच्या वर होते. आपल्या महाराष्ट्रात ४८ पैकी ३३ नवे. अमेरिकेत प्रतिनिधीगृहाला, म्हणजे तिथल्या लोकसभेला, जे परत उभे राहतात त्यातले बहुतेक वेळा नव्वद टक्क्यांच्या वर परत येतात, तिथे कोणी हा धागा काढला असता तर समजू शकलो असतो.

घनसावंगीकर
त्या ३३ मध्ये नारायण राणे आणि पीयूष गोयल पण धरलेत हो. एक माजी मुख्यमंत्री, दुसरे कित्येक वर्षं राज्यसभेत आणि केंद्रात मंत्री. हे "नवे"? आकडा दाखवताना आत कोण बसलंय तेही बघा.

तापीकाठ
आत कोण बसलंय बघायचं असेल तर आमच्या नंदुरबारला या. माणिकराव गावित १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून नऊ वेळा खासदार, नऊ! आणीबाणी नंतरची हवा, ८९, ९६, ९८, देशात काय वाट्टेल ते होवो नंदुरबार काँग्रेसचंच. मग २०१४ ला हीना गावितांनी पाडलं. तरुण मुलगी, डॉक्टर, पहिलीच निवडणूक, सगळ्या चॅनेलवर कौतुक की बघा बदल झाला. बदल झाला खरा पण वडील विजयकुमार गावित इथले वजनदार आमदार-मंत्री, ते काय कोणाला माहीत नव्हतं? २०१९ ला परत हीनाताई, समोर काँग्रेसचे जुने आमदार के. सी. पाडवी. ते हरले. २०२४ ला त्याच हीनाताईंसमोर गोवाल पाडवी, के. सींचा मुलगा, तोही तरुण, तोही पहिल्यांदाच, आणि दीड लाखाच्या वर लीडने निवडून आला. आता मला सांगा तुमचा दोन टर्मवाला कायदा असता तर काय वेगळं झालं असतं? हीनाताईंच्या दोन टर्म झाल्याच होत्या, घरातलं दुसरं कोणीतरी उभं राहिलं असतं बस. कागदावर तीन निवडणुकांत दोन नवे खासदार, प्रत्यक्षात दोन घरं. धडगाव-अक्कलकुव्याकडचा माणूस गुजरातला मजुरीला जातोय तो जातोयच.

घनसावंगीकर
तेच तर म्हणतोय, घराणी मोडायची तर कुठून तरी सुरुवात करायला पाहिजे ना. रक्ताच्या नात्यालाही बंदी घाला दोन टर्म.

दूरदेशी
मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं फिलिपिन्सला, मनिलात आहे, तुम्हाला पाहिजे तो प्रयोग इथे झालाय. १९८७ च्या राज्यघटनेत प्रतिनिधीगृहाच्या सदस्याला लागोपाठ तीन टर्मच, एक टर्म तीन वर्षांची. झालं काय, नऊ वर्षं नवरा, मग तीन वर्षं बायको किंवा मुलगा आणि साहेब तोपर्यंत गव्हर्नर नाहीतर महापौर, मग परत साहेब हजर. त्याच घटनेत राजकीय घराणेशाहीला बंदी असंही लिहून ठेवलंय, फक्त पुढे "कायद्याने व्याख्या केल्याप्रमाणे" असं जोडलं. व्याख्या करणार कोण, तर काँग्रेस, म्हणजे इथली संसद. आणि काँग्रेसमध्ये कोण बसलेत ते सांगायला नको, कायदा वर्षानुवर्षं रखडला. उलट अभ्यासकांचं म्हणणं असं की टर्मच्या मर्यादेने घराणी वाढलीच, कारण आधी एकानेच राजकारण केलं तरी भागायचं, आता खुर्ची ऊबदार ठेवायला घरातलं माणूस तयार ठेवावं लागतं.

सौ_सरपंच_नाही
मनिलाला कशाला जायला पाहिजे. झेडपीला नि नगरपालिकेला आरक्षण फिरतं, म्हणजे बऱ्याच जणांना तसंही परत त्याच वॉर्डातून उभं राहता येत नाही. मग फ्लेक्सवर बाईंचा फोटो पासपोर्ट साइज आणि "अहों"चा हात जोडून पूर्ण. पण एक सांगते, सगळ्याच बाहुल्या नसतात, काही बायका पहिल्या वर्षी गप्प बसल्या आणि तिसऱ्या वर्षी नवऱ्याला मीटिंगबाहेर बसवलं. अडचण तिथे होते, जरा कुठे काम कळायला लागलं की आरक्षण बदललं, बसा घरी. २०२३ ला लोकसभेचं महिला आरक्षण पास झालं त्यातही जागा फिरणारच आहेत, फक्त दर मतदारसंघ पुनर्रचनेनंतर, दर निवडणुकीला नाही, तेवढं बरं.

राजापूरवाला
"काम कळायला लागलं की" याच्याशी शंभर टक्के सहमत. मधु दंडवते राजापूरमधून १९७१ ते १९८९ पाच वेळा निवडून आले, ८४ च्या लाटेत सुद्धा. दोन टर्मचा नियम असता तर १९८० ला घरी.

घनसावंगीकर
गंमत बघा, दंडवते रेल्वेमंत्री झाले १९७७ ला, सेकंड क्लासच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्या काळात. ती त्यांची दुसरीच टर्म होती! म्हणजे काम करणारा दोन टर्ममध्ये करून दाखवतो.

राजापूरवाला
आणि कोकण रेल्वेचं महामंडळ कधी झालं? १९९०. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, अर्थमंत्री दंडवते, पाचवी टर्म. कोकण रेल्वे कोकणी माणूस किती वर्षं मागत होता, पैसे कुठून आणायचे नि फाइल कुठे अडते हे माहीत असलेली दोन माणसं एकाच वेळी त्या दोन खुर्च्यांवर बसली तेव्हा हललं ते. आणि ९१ ला आम्हीच पाडलं त्यांना. लोकांना पाडायचं असतं तेव्हा पाडतात, कायदा नको.

आकडेमोड
अनुभवाचं एवढं कौतुक चाललंय म्हणून विचारतो, अनुभव वापरणार कुठे? पंधराव्या लोकसभेत (२००९-१४) ७१ टक्के विधेयकं संसदेच्या समितीकडे तपासायला जात होती, सतराव्यात (२०१९-२४) १६ टक्के. खासदार काय शिकतो ते समितीत शिकतो, सचिवांना बोलावून प्रश्न विचारतो. बाकी सभागृहात १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा, व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, आला की नववी टर्मवाला आणि पहिली टर्मवाला एकच बटण दाबतात. त्यामुळे नवा-जुना हा वाद मला जरा पोकळच वाटतो.

तापीकाठ
+१. खरी चावी तिकीट वाटणाऱ्याकडे आहे. २०१९ ला छत्तीसगडमध्ये भाजपने आपल्या दहाच्या दहा खासदारांचं तिकीट कापलं आणि ११ पैकी ९ जागा जिंकल्या. तेव्हापासून प्रत्येक पक्षाला वाटतं चेहरा बदला, नाराजी गायब. आता दोन टर्मचा कायदा आला तर हे कापाकापीचं कामही सोपं, खासदाराला पुढच्या वेळी मतदारांकडे जायचंच नाही, मग तो ऐकणार कोणाचं? पुढे राज्यसभा, महामंडळ, काहीतरी देणाऱ्याचंच. मेक्सिकोत १९३३ पासून लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहायला बंदी होती, अनेक दशकं तिथले खासदार असेच पक्षाच्या तोंडाकडे बघत बसायचे. २०१४ ला बंदी उठवली, आणि आता २०३० पासून परत आणतायत.

वाशीमची_पोर
तिकीट कापून दर वेळी जिंकतातच असं कोणी सांगितलं? आमच्याकडे भावना गवळी पाच टर्म खासदार, २०२४ ला शिंदे सेनेने त्यांना बाजूला करून राजश्री पाटलांना दिलं, जागा गेली. राजश्रीताईंचे मिस्टर हेमंत पाटील हिंगोलीचे खासदार, त्यांचंही तिकीट कापलं, तीही जागा गेली. मुंबईत गोपाळ शेट्टींच्या जागी गोयल, जिंकले. पूनम महाजनांच्या जागी उज्ज्वल निकम, हरले. लोकांना एवढंही गृहीत धरू नका.

घनसावंगीकर
सगळे मिळून माझ्यावर तुटून पडलात, हरकत नाही. पण एकानेही सांगितलं नाही की जालन्यातल्या साध्या माणसाने, ज्याचा बाप आमदार नाही, त्याने खासदार व्हायचं असेल तर जागा रिकामी कधी होणार. दानवे हरले ते मराठा आरक्षण आंदोलनाच्या वातावरणात हरले, दर वेळी तसं वातावरण असतं का? माझा कायदा निदान दर दहा वर्षांनी दार उघडतो. आत कोण शिरतो ते पुढचं. फिलिपिन्समध्ये बंदी फक्त लागोपाठच्या टर्मला होती म्हणून साहेब परत आले, मी आयुष्यभराची बंदी म्हणतोय.

आकडेमोड
आणि दर पाच वर्षांनी तेवढे जास्त माजी खासदार, प्रत्येकाला महिना निदान ३१ हजार पेन्शन. त्याचाही हिशोब धरा.

राजापूरवाला
हे विधेयक मांडणार कोण पण? सरकार तर मांडणार नाही.

घनसावंगीकर
कुठल्याही खासदाराला खासगी विधेयक मांडता येतं की, शुक्रवारी दुपारी वेळ असतो.

राजापूरवाला
शेवटचं खासगी विधेयक संसदेत पास झालं ते १९७० साली. तेव्हा दंडवते पण निवडून आले नव्हते.