मदत हवी आहे: मोतीची भोपळ्याची बिस्किटं आतून ओलीच राहतात

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत, विश्रामबागेत राहतो. आमचा कुत्रा मोती ९ वर्षांचा, दात झिजलेत, म्हणून त्याच्यासाठी घरीच खाऊ करायला घेतलाय. सध्या मंडईत लाल भोपळा, गाजरं, रताळी छान येतायत.

१ वाटी उकडलेला भोपळा, २ वाट्या ज्वारीचं पीठ, १ अंडं. मीठ, गूळ काही नाही. ओव्हन नाही, म्हणून कढईत तळाला मीठ घालून, वर झाकण ठेवून मंद आचेवर २५ मिनिटं भाजते. वरून खरपूस दिसतात, पण मोडलं की मधे ओलसर पिवळा पट्टा, आणि तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी. अख्खा डबा टाकून दिला. मोती डब्याजवळ बसून राहिला, फार वाईट वाटलं.

भोपळा फडक्यात पिळून घ्यावा का? की टोस्टसारखं दुसऱ्यांदा भाजावं? रताळं घातलं तर बरं पडेल का? ज्वारीला चिकटपणा नसतो, त्यामुळे पातळ लाटायला गेलं की तुकडे पडतात.

एक विनंती, बेदाणे घाला असं कृपया सुचवू नका. आपल्याकडे घरोघरी असतात, पण द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्यांची किडनी निकामी होऊ शकते.

कोणी कढईत केली असतील तर नेमका वेळ सांगा.