कॉलेज निवडताना तुमच्या घरी काय बोलणं झालं होतं?

पेडण्याची_मावशी
भाची बारावी झाली. फर्मागुडीच्या सरकारी इंजिनिअरिंगला नंबर लागेल असं दिसतंय, आणि पुण्यातलं एक खाजगी कॉलेजही हो म्हणतंय. काल रात्री तिचे बाबा कॅलेंडरच्या मागे फी, होस्टेल, मेस, रेल्वेचं तिकीट मांडत बसले आणि मला माझे बाबा आठवले. ते प्राथमिक शाळेत मास्तर. मला कॉमर्सला पणजीला जायचं होतं, तिथल्या कॉलेजचं नाव मोठं. बाबांनी म्हापसा सुचवलं: कदंब बसचा पास स्वस्त, दुपारी घरी, धाकट्यालाही शिकवायचंय. मी म्हापशाला गेले. शिक्षक असे मिळाले की आजही ताळेबंद समोर आला की त्यांचा आवाज ऐकू येतो. पण नाटक, गॅदरिंगच्या तालमी यातलं काही मिळालं नाही. संध्याकाळची बस चुकली तर पेडण्याला पोचायचं कसं? त्याची खंत अजून आहे. म्हणून भाचीसाठी नुसती फी बघू नये असं वाटतंय. तुमच्याकडे कसं ठरलं?

नीलेश_फोंडा
फर्मागुडी. विचारच करू नका. १९६७ पासूनचं कॉलेज आहे, गोव्यातल्या निम्म्या ऑफिसांत तिथलाच कोणी ना कोणी भेटतो. पुण्याच्या नुसत्या खोलीभाड्यात इथली फी निघेल.
मी होतो तेव्हा एनआयटीचे वर्गही आमच्याच आवारात भरायचे, २०१० ला सुरू झाली ना ती. पुढे आयआयटीही तिथेच आली. बिहार, आंध्र, राजस्थान, सगळीकडची मुलं एकाच कॅन्टीनला. मी डोंगरावरून खाली न उतरता भारत बघितला म्हणा. एनआयटी आता कुंकळ्ळीला गेली.

आबोली७२
नीलेश, कॅन्टीनचा बटाटवडा अजून तसाच आहे का रे?

नीलेश_फोंडा
आबोलीताई, आमच्या वेळी मिरची भज्यांचं राज्य होतं 😄

मांडवीकाठ
मी पर्वरीची. घरच्यांचं म्हणणं म्हापसा, माझं पणजीत मिरामारचं धेंपे कॉलेज. फिजिक्स करायचं होतं आणि पणजीत सेंट्रल लायब्ररी होती, तेवढ्यासाठी हट्ट धरला. प्रवेश झाला, आणि जुलै १९८६ मध्ये मांडवीचा पूल पडला. घरी लगेच सुरू: नाव काढ तिथून, अजून वेळ आहे. भर पावसात बेतीची फेरीबोट, रांग, भिजलेली जर्नलं. सकाळच्या प्रॅक्टिकलला पोचायचं तर अंधारात निघायचं. आईने एक शब्द न बोलता पहाटे डबा करायला सुरुवात केली, तिथेच वाद मिटला. नवा पूल १९९२ ला झाला, तोवर माझं शिकून झालं होतं. फेरीत आम्हा मुलींचा एक कोपरा ठरलेला. तिथे पाठ केलेली सूत्रं अजून पाठ आहेत. कॉलेजचं नाव चांगलं होतंच, पण मैत्रिणी मिळाल्या त्या त्या फेरीत.

दत्ता_बार्देश
@मांडवीकाठ तुम्ही पर्वरीच्या कुठल्या वाड्यावरच्या? माझी थोरली बहीण त्याच फेरीने यायची, बी.एस्सी.लाच. तिला विचारतो आज.

मांडवीकाठ
विचारा विचारा! केमिस्ट्रीला असेल तर ओळखत असेन.

सत्तरीचो_पूत
वाळपईहून पणजीत आल्तिनोला, गोवा कला महाविद्यालय. आई म्हणायची चित्रं काढून पोट भरतं का, त्यापेक्षा साखळीचं सरकारी कॉलेज जवळ आहे, बी.ए. कर. तिचं चुकीचं नव्हतं. काजूच्या हंगामावर चालणारं घर आमचं. पण मामा म्हणाला, फी सरकारी आहे, रंग-कागदाचं मी बघतो. खरा खर्च रंग-कागदाचाच असतो, हे नव्याने येणाऱ्यांनी लिहून ठेवा. फी एकदा भरून मोकळं होता येतं, सामान वर्षभर लागतं. आणि पणजीत राहायची सोय आधी बघा, खोल्या महाग आहेत. कॅम्पस म्हणाल तर आम्ही स्केचबुक घेऊन फोंतेन्यातल्या गल्ल्यांत बसायचो, संध्याकाळी कला अकादमीत. अख्खी पणजीच आमचा कॅम्पस होती.

शुभा_डिचोली
भाकऱ्या टाकता टाकता लिहितेय. मुलीला बांबोळी आणि बेळगावचं खाजगी, असा प्रश्न होता मेडिकलला. खरं तर प्रश्न नव्हताच. गोमेकॉची, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजची, परंपरा १८४२ पासूनची, आणि खाजगीची फी भरायची तर आमची बागायत विकावी लागली असती. पण नीटच्या यादीत नाव येईपर्यंत ह्यांनी बागायतीचे कागद कपाटातून बाहेर काढून ठेवले होते. मला ते नंतर कळलं. त्या दिवशी मी खूप रडले. बाकीचं नंतर लिहिते, कुकर.

आबोली७२
शुभा 🙏 असे बाप असतात.

मास्तर_निवृत्त
आमच्या वेळी निवड कसली! १९६१ पूर्वी गोव्यात आर्ट्स-सायन्सचं कॉलेजच नव्हतं. माझे थोरले बंधू धारवाडला गेले. १९६२ मध्ये धेंपे आणि मडगावला चौगुले निघालं आणि माझ्यासारख्यांचं शिक्षण घरच्या जेवणावर झालं. पदवी मुंबई विद्यापीठाची, कारण गोवा विद्यापीठ १९८५ चं. बंधूंची पत्रं यायची, त्यात अभ्यासापेक्षा खानावळीतल्या आमटीबद्दलच जास्त असायचं. मासे नाहीत, हे त्यांचं मोठं दुःख.

वास्कोवाली
मास्तर, धारवाडचा पेढा तरी मिळत असेल ना 😊

दत्ता_बार्देश
बहीण केमिस्ट्रीलाच होती!! सांगते, फेरीत एक उंच मुलगी मोठ्याने सूत्रं म्हणायची. तुम्हीच का त्या?

मांडवीकाठ
मीच! अरे देवा. तिचा नंबर पाठवा, व्यनि (खाजगी निरोप) करते.

वास्कोवाली
कामाचं बोलते जरा. गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी शैक्षणिक कर्ज आहे, मुद्दल तेवढं फेडायचं. माझं त्यावरच झालं. रहिवासी दाखला मामलेदार कचेरीतून आत्ताच काढून ठेवा, जून-जुलैत तिथे उभं राहायला जागा नसते. त्या कर्जामुळे मला महागड्या कॉलेजचा निदान विचार करता आला. हिशोबाला बसताना हे कागदावर असू दे.

पेडण्याची_मावशी
वास्कोवाली, देव बरें करूं. हे घरी कोणालाच ठाऊक नव्हतं. नीलेश, मुलींच्या होस्टेलला पेडण्यासारख्या लांबच्या मुलींना जागा मिळते का?

नीलेश_फोंडा
अंतर बघतात असं ऐकलंय, ऑफिसात विचारून सांगतो. शनिवारी भाचीला घेऊनच या ना. आधी प्रयोगशाळा दाखवतो, मग होस्टेल. तिथल्या मुलींशी तिला एकटीला बोलू दे, आपण बाहेर थांबू.

शुभा_डिचोली
मीपण येऊ का? धाकटा अकरावीत आहे. डिचोलीहून फर्मागुडीला थेट बस आहे की साखळीला बदलायची?